गिटारची कोरी मान

भिंगरी दारात उभी होती. टॉवेलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी लांबट तिने तान्हं बाळ धरावं तसं छातीशी धरलं होतं. एरवी ही मुलगी एका जागी ठरत नाही, म्हणून तर आमच्या इमारतीत सगळे तिला भिंगरी म्हणतात. आज मात्र पायपुसण्यावर खिळल्यासारखी झाली होती.

"बाई, तुम्ही कोणाला सांगणार नाही ना?"

"आधी आत तर ये."

"नाही, आधी सांगा."

"खून बिन केलायस का कोणाचा?"

"जवळजवळ," ती म्हणाली.

मी तिला मागच्या खोलीत नेलं. मी शाळेत मुलांना सुतारकाम शिकवायचे. नोकरीत होते तेव्हा मुलं मागून मला रंधाबाई म्हणायची, निवृत्त झाल्यावर तोंडावर म्हणायला लागली. शाळेने टाकून दिलेलं एक कामाचं टेबल माझ्या मागच्या खोलीत आहे. इमारतीतली मुलं त्यावर पक्ष्यांची घरं, वाकडीतिकडी स्टुलं असलं काहीबाही बनवतात. भिंगरीच्या दादाने पहिल्यांदा रंधा हातात धरला तो याच टेबलापाशी. तेव्हा तो एवढासा होता, टेबलाला पोचायला विटेवर उभा राहायचा.

तिने टॉवेल उलगडला. आत दादाने केलेली गिटारची मान होती. मान म्हणजे तो लांब दांडा, ज्याच्यावरून तारा जातात आणि जो वाजवणारा डाव्या हाताच्या मुठीत धरतो. पुढच्या बाजूला काळसर लाकडाची पट्टी, तिच्यावर धातूचे पडदे, म्हणजे सतारीला असतात तशा आडव्या बारीक पट्ट्या, ओळीने बसवलेले. मागची बाजू फिकट लाकडाची, गोलसर घासलेली आणि अजून कोरी. तेल, लाख, मेण काही म्हणजे काही नाही. उघड्या अंगाचं लाकूड.

त्या उघड्या अंगावर करड्या ठिपक्यांची रांग उठली होती. जुन्या भिंतीवर येते तसली. वासही तोच, कोंदट.

"हे कशाने झालं?"

तिने खिशातून चुरगळलेला पारदर्शक प्लास्टिकचा बोळा काढला. उरलेलं अन्न झाकायला स्वयंपाकघरात वापरतात तो पातळ कागद.

"दादा म्हणाला होता, हिला जप, मळू देऊ नको. तर मी... फक्त एकदा हातात घेतली. वाजवल्यासारखं करून बघायला. आणि माझ्या बोटांना पेन्सिलीचं शिसं लागलेलं होतं. काळे ठसे उठले. मग मी ओल्या फडक्याने पुसलं. चांगलं घासून पुसलं, बाई, सगळीकडून. आणि परत मळू नये म्हणून हे गुंडाळलं. खूप वेळा गुंडाळलं. वरून खालपर्यंत."

"आणि ठेवली कुठे?"

"शेगडीच्या वरच्या कपाटावर. तिथे कोणाचा हात पोचत नाही ना."

शेगडीच्या वर. म्हणजे दिवसभर वाफ आणि ऊब. ती माझ्या तोंडाकडेच बघत होती. मुलांना शिकवणाऱ्या माणसाचा चेहरा मुलांना पाठ असतो.

"दादाचं काम जाणार ना आता?"

तिला काय म्हणायचं होतं ते मला माहीत होतं. दादा दूरच्या एका कारखान्यात दारांच्या चौकटी करतो. करतो म्हणजे काय, एकाच मापाचा एकच काप सकाळपासून संध्याकाळपर्यंत मारतो. गावात एक वाद्यं बनवणारा कारागीर आहे. दादा लहानपणापासून त्याच्या दुकानाच्या काचेला नाक लावून उभा राहायचा. मागच्या सुट्टीत धीर करून आत गेला आणि म्हणाला, मला तुमच्याकडे शिकायचंय, काम करायचंय. कारागीर म्हणाला, "बोलून काय होतं? एक मान करून आण. घासणं, तेल, सगळं तुझ्याच हातचं. मग बघतो." दादाने रात्री-अपरात्री, सुट्टीच्या दिवशी कोरून ही मान तयार केली. शेवटचा हात फिरवायचा तेवढा राहिला होता. कारखान्याच्या वसतिगृहात भुसा नि गर्दी, म्हणून घरी बहिणीपाशी ठेवून गेला. शनिवारी तो रजेवर येणार, मानेला तेल लावणार आणि रजा संपायच्या आत कारागिराला दाखवणार, असा बेत होता.

"अजून काही गेलेलं नाही," मी म्हटलं. "आधी बघू तर दे, दुखणं किती आहे."

ठिपक्यांची मला काळजी नव्हती. काळजी दुसरीच होती. मी पोलादी पट्टी घेतली आणि मानेच्या पुढच्या बाजूवर, पडद्यांवर उभी धरली. खिडकीकडे तोंड करून भिंगरीला म्हटलं, "पट्टीच्या खालून बघ. उजेड दिसतो?"

"मधे दिसतो. टोकाला नाही."

"म्हणजे मान वाकलीय. पाठीने पाणी प्यायलं, पाठ फुगली, लांब झाली. पुढच्या बाजूला पाणी फारसं गेलं नाही, ती तेवढीच राहिली. मग बिचारी पुढे वाकणार नाही तर काय करेल?"

"मोडली?"

"वाकली म्हणाले मी. मोडणं वेगळं, वाकणं वेगळं. आणि त्याहून एक तिसरं असतं, पिळवटणं. ओलं फडकं पिळतो ना आपण, एक टोक इकडे, एक तिकडे, तसं. वाकलेलं लाकूड बहुतेक वेळा सरळ होतं. पिळवटलेलं होत नाही."

"मग ही पिळवटलीय?"

"ते आता तूच सांगायचंस मला."

मी दोन सारख्या लाकडी पट्ट्या काढल्या. एक मानेच्या या टोकावर आडवी ठेवली, दुसरी त्या टोकावर. भिंगरीला गुडघ्यावर बसवलं, एक डोळा मिटायला लावला. जवळच्या पट्टीच्या कडेवरून पलीकडच्या पट्टीची कड बघायची. दोन्ही कडा एकमेकींना समांतर दिसल्या तर ठीक. एक बाजू वर, एक खाली दिसली, तर मान पिळवटली.

ती बराच वेळ बघत राहिली. मला मध्येच डोकावून बघायचा मोह होत होता, पण मी हात मागे बांधून उभी राहिले. ज्याने चूक केली त्यानेच मोजावं. मोजताना निम्मी भीती जाते.

"बाई, सारख्याच दिसतात."

"नक्की?"

"डोळा बदलून बघू?"

"बघ."

"तरी सारख्याच."

मग मी वाकून बघितलं. सारख्याच होत्या. माझा जीव भांड्यात पडला. तिचा नाही पडला, कारण आपण केवढ्या संकटातून वाचलो हे तिला अजून कळलं नव्हतं.

"चल, आता हिला वाळवू," मी म्हटलं.

ती लगेच उठली. "आईचा हेअर ड्रायर आणू? पाच मिनिटांत होईल."

"खाली बस."

"मग गच्चीवर उन्हात?"

"खाली बस म्हणते ना. आगीतून फुफाट्यात टाकायचंय का तिला? एवढा वेळ पाणी पीत बसली, आता एका झटक्यात तहानेने मारायची? वरचं कातडं आधी आक्रसेल, आतलं ओलं राहील आणि फट्कन चीर जाईल. जे हळूहळू ओलं झालं, ते हळूहळूच वाळवायचं."

"म्हणजे आपण काय करायचं?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"काही न करणं हे सगळ्यात अवघड काम आहे. तुझ्यासाठी तर फारच."

स्पिरिटच्या फडक्याने आम्ही ते ठिपके हलकेच पुसले. बुरशी मारायची होती, पण परत पाणी द्यायचं नव्हतं. मग टेबलावर दोन ठोकळे ठेवून त्यांच्यावर मान कुशीवर निजवली, म्हणजे पाठीला आणि पोटाला सारखीच हवा लागेल. ऊन नको, पंखा नको. खिडकी उघडी, पडदा ओढलेला.

जाताना तिने विचारलं, "सरळ होईल ना, बाई?"

खोटं सांगावंसं वाटलं होतं, पण मी नाही सांगितलं. "बहुतेक होईल. खात्री नाही. आपण बघत राहू."

शाळेतून आली की दप्तरासकट ती थेट माझ्याकडे यायची. तिला मी एक काम लावून दिलं होतं. मानेवर पोलादी पट्टी धरायची आणि मधल्या फटीत काय काय शिरतं ते बघायचं. पहिल्या दिवशी जाड पुठ्ठ्याचा तुकडा सहज आरपार गेला. दुसऱ्या खेपेला पुठ्ठा अडकला, लग्नपत्रिकेचा कागद गेला. तिने ठोकळ्यांभोवती एक नाच केला. त्याच्या पुढच्या दिवशी मात्र फट जिथल्या तिथे. केसभरसुद्धा हलली नाही. भिंगरी खुर्चीत फतकल मारून बसली.

"रुसलीय ती माझ्यावर."

"लाकूड रुसत नाही. बाहेर ढग आहेत, हवा दमट आहे. ते आपल्या वेळेने चालतं."

"माझ्याकडे वेळ नाही ना पण! शनिवार जवळ आला."

"मग शनिवारला सांग थांबायला."

त्यात रोज संध्याकाळी दादाचा फोन यायचा. आई दवाखान्याच्या धुलाईखान्यात काम करते, संध्याकाळी घरी असते. ती फोन भिंगरीच्या हातात द्यायची. दादाचा ठरलेला प्रश्न: मान कशी आहे? भिंगरीने मला नक्कल करून दाखवली. "मी म्हणते, मजेत आहे. तो म्हणतो, काय करते? मी म्हणते, झोपलीय. तो हसतो. मला हसूच येत नाही, बाई. मी खोटं नाही बोलत ना? झोपलेलीच आहे ना ती ठोकळ्यांवर?"

"खोटं नाही. पण खरंही पुरतं नाही."

"तुम्ही सांगाल त्याला? तुमचं ऐकतो तो. तुम्हाला ओरडणार नाही."

"म्हणूनच मी सांगणार नाही."

ती माझ्यावर चिडली आणि दप्तर आपटत गेली. दुसऱ्या दिवशी मुकाट्याने परत आली आणि पट्टी घेऊन बसली. ढग गेले होते. लग्नपत्रिका शिरली नाही. वहीचा साधा कागद शिरला, पण ओढताना घासत होता.

शनिवारी सकाळी तिने कागद लावला आणि तो आत जाईचना. तिने वेगळा कागद घेतला, तोही नाही. मग ती माझ्याकडे वळली. कागद माझ्यापुढे धरला. मी स्वतः पट्टी धरून खिडकीकडे बघितलं. पट्टीखाली काळोख होता, शेवटपर्यंत. इतका सुंदर काळोख मी फार दिवसांत पाहिला नव्हता.

"बाई! सरळ! सरळ झाली!"

"हळू. कारखान्यापर्यंत ऐकू जाईल."

दुपारी दादा आला. घरी पिशवी टाकून, मान बाईंकडे आहे असं आईने सांगितल्यावर, जिना उतरून थेट माझ्याकडे. दाढीत अजून भुसा. मान टेबलावर बघितली आणि त्याचा चेहरा खुलला, आणि जवळ येऊन पाठ बघितली तसा मिटला. बुरशी मेली होती, पण तिचे पुसट करडे डाग होते, आणि लाकडाची पाठ गुळगुळीत राहिली नव्हती. दोन दिवसांच्या दाढीसारखी खरखरीत झाली होती.

"हे काय? बाई?"

मी भिंगरीकडे बघितलं. ती भिंतीला चिकटून उभी होती. मग डोळे घट्ट मिटून तिने एका श्वासात सगळं सांगून टाकलं. पेन्सिल, ओलं फडकं, प्लास्टिक, शेगडी, ठोकळे, लग्नपत्रिका. लग्नपत्रिका तर दोनदा सांगितली.

दादा मान उचलून खिडकीपाशी गेला. एक डोळा मिटून टोकापासून टोकापर्यंत नजर फिरवली. उलटी करून परत फिरवली. मग माझ्या त्या दोन पट्ट्या स्वतःच उचलल्या आणि पीळ बघितला. भिंगरी नाक ओढत होती.

"तू हिला," तो शेवटी म्हणाला, "उरलेल्या भाजीसारखं गुंडाळून ठेवलंस?"

"हो."

"आणि वाफेवर ठेवलंस? शिजवायला?"

"दादा, ओरड ना नीट. असं नको बोलू."

त्याने मान खाली ठेवली आणि डोक्याला हात लावून स्टुलावर बसला. मला वाटलं, आता पोर भडकणार. पण त्याचे खांदे हलायला लागले. हसत होता.

"अगं वेडाबाई, आज मी आल्या आल्या पहिलं काय करणार होतो माहितीये? ओल्या फडक्याने पुसणार होतो हिला."

भिंगरीचा चेहरा बघण्यासारखा झाला. "का?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "सांग तूच. तुलाही इथेच कळलं होतं."

"घासून घासून लाकूड गुळगुळीत केलं ना," तो तिला जवळ ओढत म्हणाला, "तरी त्याचे बारीक तंतू नुसते दबून बसलेले असतात. वाजवणाऱ्याच्या हाताला घाम आला की उठून उभे राहतात, मग मान खरखरीत लागते. म्हणून आपणच आधी पाणी लावायचं. उठा म्हणायचं सगळ्यांनी. उठले की वाळू द्यायचे आणि हलक्या हाताने घासून काढायचे. मग परत उठत नाहीत. हात लावून बघ. उठलेत ना?"

तिने बोट फिरवलं. "टोचतात."

"तेच ते. पाणी लावणं चूक नव्हतीच तुझी. त्याला कोंडलंस, ते चुकलं. पाणी आलं तर जायलाही वाट पाहिजे ना त्याला."

"म्हणजे मी उगीच रडले इतके दिवस?"

"उगीच कशाला? पिळवटली असती तर आज आपण दोघं मिळून रडलो असतो."

दुपारभर दोघं घासत बसली. बारीक पॉलिश पेपर, रेषांच्या दिशेने, जोर न देता. जोर दिला की दादा नुसतं "अं" म्हणायचा आणि तिचा हात हलका व्हायचा. डाग एकेक करून गेले. एक मात्र गेला नाही. जिथे मान गिटारच्या पोटाला मिळते तिथे, अंगठ्याच्या नखाएवढा, आत मुरलेला. भिंगरी तिथे घासायला लागली तसा दादाने तिचा हात धरला.

"बास."

"पण दिसतोय ना! कारागीर बघेल!"

"बघू दे. आणखी घासलं तर इथे खळगा पडेल. डाग डोळ्याला लागतो, खळगा हाताला. मान हातासाठी असते."

मी ऐकत होते. त्याला मी हे कधी शिकवलं नव्हतं.

मग जवसाचं तेल. जवसाचंच का, असं भिंगरीने विचारलंच. केसांना लावतो ते तेल कधी वाळत नाही, जन्मभर चिकट राहतं. जवसाचं तेल लाकडात मुरतं आणि हवेने घट्ट होतं. फडक्याला अगदी थोडं घ्यायचं, चोळायचं, जरा थांबायचं आणि जेवढं वर राहील तेवढं सगळं पुसून टाकायचं. पुसून टाकायचं हे ऐकून ती म्हणाली, "मग लावलं कशाला?" जे आत गेलं तेच आपलं, असं म्हणून दादाने फडकं तिच्या हातात दिलं. पहिला हात बसला आणि त्या फिकट लाकडातून मधासारख्या रेषा वर आल्या. डागही गडद झाला, हे खरं. ती त्या रेषांकडे बघून खूश व्हायची आणि डागाकडे बघून हिरमुसायची. तेलाची फडकी मी गॅलरीत दोरीवर एकेक पसरून वाळत घातली. असली फडकी बोळा करून टाकली तर आतल्या आत तापून पेट घेतात. हे मी प्रत्येक मुलाला सांगत आलेय, भिंगरीलाही सांगितलं.

रात्रभर वाळायचं, सकाळी अगदी हलका घास, परत तेल. रजेचे मधले सगळे दिवस असेच गेले. शेवटी थोडं मेण, आणि सुती कापडाने इतकं चोळलं की मान हातातून निसटायला बघत होती.

कारागिराकडे जाताना भिंगरीने मलाही ओढून नेलं. दादाने मान एका स्वच्छ कापडात गुंडाळली होती. कापडच आहे ना, हे भिंगरीने दोनदा तपासलं. वाटेत दादा तिला म्हणाला, "आत तू एक शब्द बोलायचा नाहीस."

"आणि विचारलं तर?"

"तुला कोण विचारणार आहे?"

दुकान अरुंद आणि लांब. छताला दोरीवर माना टांगलेल्या, खाली अर्धवट पोटं, डिंकाचा वास. कारागीर जाडसर, चष्मा कपाळावर चढवलेला. त्याने आम्हाला बसा म्हटलं नाही, कारण बसायला जागाच नव्हती. मान घेतली, नजर फिरवली, पट्टी लावली, पडद्यांच्या कडांवरून नखं फिरवली. मग डोळे मिटले आणि मान डाव्या हातात धरून अंगठा टोकापासून खाली सरकवत नेला. एकदा, परत एकदा. दादा त्या अंगठ्याकडे बघत होता.

अंगठा डागापाशी आला आणि पुढे गेला. थांबला नाही. कारागिराने डोळे उघडले, चष्मा खाली ओढला आणि तेव्हा कुठे त्याला डाग दिसला.

"हे काय?"

लाकडाचाच रंग आहे, असं दादा म्हणू शकला असता. लाकडात असे रंग असतात. कोणाला कळलं असतं की नाही, कोण जाणे.

"घरी ओली राहिली होती," दादा म्हणाला. "बुरशी आली. थोडी वाकलीही होती. वाळल्यावर सरळ झाली."

"घरी म्हणजे माझ्यामुळे!" भिंगरीच्या तोंडून निघून गेलं आणि तिने दोन्ही हातांनी तोंड दाबलं.

कारागिराने तिच्याकडे चष्म्यावरून बघितलं आणि परत दादाकडे वळला. "उन्हात टाकली होती का?"

"नाही. सावलीत, ठोकळ्यांवर. पण ते मी नाही केलं. मी इथे नव्हतो. या आमच्या बाईंनी आणि हिने."

"हं. आणि हा डाग घासून का नाही काढलास?"

"खळगा पडला असता."

"डोळ्यांना तर दिसतोय."

"हो. हाताला लागत नाही."

कारागिराने परत डोळे मिटून अंगठा फिरवला, यावेळी अगदी त्याच जागेवर, पुढे मागे. भिंगरीने माझा पदर मुठीत धरला होता. मग तो स्टुलावर चढला आणि ती मान त्याने छताच्या दोरीला, आपल्या मानांच्या रांगेत अडकवली. उतरता उतरता म्हणाला, "बरेच जण घासतात. डाग जातो आणि मानही जाते. कारखान्यात नीट सांगून सुटून ये. पळून आलेला माणूस मी ठेवत नाही. पुढच्या महिन्यात सुरू कर."

"म्हणजे... ठेवलं मला?"

"मग काय, दारात तोरण बांधू? जा आता, माझा डिंक सुकतोय."

आम्ही बाहेर आलो. चार पावलं चाललो असू, आणि दादा शेजारच्या बंद दुकानाच्या पायरीवर मटकन बसला.

"दादा? काय झालं?"

"काही नाही. पायच गळाले."

"तू घाबरला होतास?" भिंगरीला खरंच नवल वाटलं. "मला वाटलं मीच एकटी घाबरले होते."

"मी तर मान पहिल्यांदा बघितली तेव्हापासून घाबरलोय. तुला दाखवलं नाही इतकंच."

"मग हसलास कशाला?"

"रडण्यापेक्षा बरं ना."

ती त्याच्या शेजारी टेकली. मीही बसले, पाय मलाही आहेतच. दुपारचं ऊन अंगावर आलं होतं आणि कोणालाच उठायची घाई नव्हती. थोड्या वेळाने भिंगरीने रिकाम्या कापडाकडे बघितलं आणि दचकून उभी राहिली.

"दादा! मान आतच राहिली!"

"राहू दे," दादा पायरीवर मागे रेलत, डोळे मिटत म्हणाला. "माझ्या आधी तीच कामाला लागली."